बाराचा वेध

१

पेटी जागच्या जागी होती. झाकण लागलेलं होतं, झाकणावरची चिठ्ठी नेहमीसारखी समोर होती. आत निळ्या मखमलीचा खळगा होता आणि त्या खळग्यात काहीच नव्हतं.

वेधशाळेच्या प्रमुख डॉ. हर्षा कापगते यांनी ती रिकामी पेटी पोह्यांच्या पातेल्याशेजारी ठेवली तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते. टेबलाभोवती शिबिराला आलेली दहा पोरंपोरी नाश्ता करत होती, दाराशी वेधशाळेचा सेवकराम उभा होता. एकदम सगळ्यांचे चमचे थांबले.

"दुर्बिणीचा आयपीस कोणी घेतला?" मॅडमनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. म्हणूनच सगळे जास्त घाबरले.

टेबलाच्या टोकाला रत्नमालाबाई बसल्या होत्या. दिघोरीच्या ज्युनिअर कॉलेजात त्या प्रयोगशाळा परिचर. शिबिराला खरं तर फिजिक्सचे सर यायचे होते, पण त्यांना कावीळ झाली आणि प्राचार्यांनी बाईंना पोरांसोबत धाडलं. बावीस वर्षं त्यांनी परीक्षानळ्या मोजून दिल्या होत्या आणि मोजून परत घेतल्या होत्या. काच फुटली की कोणाचा चेहरा कसा होतो, हे त्यांना पाठ होतं. त्यांनी एकेक चेहरा पाहिला. पण आज सगळेच चेहरे सारखे उतरलेले.

साकोलीच्या पुढं टेकडीवर ही सूर्याची वेधशाळा. रात्रीच्या ताऱ्यांशी तिचं काही देणंघेणं नाही. इथली माणसं दिवसा काम करतात आणि रात्री खुशाल झोपतात. नव्या घुमटात कॅमेरे आहेत, कॉम्प्युटर आहेत. जुन्या घुमटातली दुर्बीण मात्र पहिल्या दिवसासारखीच चालते. काळ्या कापडाच्या खोपीत पांढऱ्या कागदावर सूर्याचं बिंब पडतं आणि त्यावर आयपीसमधल्या, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगातल्या, दोन तारांच्या सावल्या उभ्या दिसतात. तारा म्हणायच्या, पण धातूच्या नव्हेत. कोळ्याच्या जाळ्याचे धागे. दुर्बीण स्थिर ठेवली की बिंब हळूहळू सरकतं. सूर्यावरचा काळा डाग पहिल्या तारेला टेकला की खोपीत डोकं घातलेला माणूस "आला!" म्हणतो, दुसऱ्या तारेला टेकला की पुन्हा म्हणतो, आणि बाहेरचा माणूस स्टॉपवॉच दाबतो. असं दहा वेळा. याला सगळे बाराचा वेध म्हणत. आभाळ मोकळं असलेला एकही दिवस एकेचाळीस वर्षांत या वेधावाचून गेला नव्हता.

आणि आजचं फेब्रुवारीचं आभाळ धुतल्या ताटासारखं लख्ख होतं.

"बारा वाजेपर्यंत वाट पाहीन," मॅडम म्हणाल्या. "मग पोलिसांना फोन, आणि वरच्या ऑफिसलाही. 'असल्या यंत्रांना पोरांचे हात लागू देऊ नका,' असं सांगणारे तिथं पुष्कळ होते. मी भांडून हे पहिलं शिबिर घेतलं. त्यांचंच खरं ठरलं, असं म्हणावं लागेल मला."

भंडाऱ्याचा योगेंद्र उठला. हुशार पोरगा, पण आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक.

"मॅडम, काल संध्याकाळी धम्मदीप घुमटाच्या मागं काहीतरी फडक्यात गुंडाळून नेऊन राहिला होता. मी पाह्यलं."

धम्मदीप रत्नमालाबाईंच्याच कॉलेजचा. गोसीखुर्दच्या धरणात गाव गेलं आणि नव्या वसाहतीत वाढला, असा एक अबोल मुलगा. कालचा बाराचा वेध त्यानंच घेतला होता, आणि मॅडमनी त्याची पाठही थोपटली होती.

"धम्मदीप, तुझी बॅग आण," मॅडम म्हणाल्या.

तो उभा राहिला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"नाही दाखवत," तो म्हणाला.

२

"मॅडम, पोरगा माह्या कॉलेजचा आहे," रत्नमालाबाई पुढं होत म्हणाल्या. "बारा वाजेपर्यंत टाइम देल्ला ना तुम्ही? तं तेवढा मले द्या."

घुमटाच्या मागं पळस फुलला होता. धम्मदीपनं बॅग मांडीवर घट्ट धरली होती.

"मावशी, मी चोर नाही."

"मी कुठं म्हटलं? मले फक्त दाखव, त्यात काय आहे."

त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि चेन उघडली. जुन्या ओढणीचं बोचकं होतं. गाठ सुटायच्या आधीच बाईंच्या नाकाला उत्तर मिळालं.

"सुकी मासोळी!"

"आईनं तुमच्यासाठी देल्ली. धरणातली आहे. म्हणे, बाई सोबत येऊन राहिल्या तं रिकाम्या हातानं जाऊ नको."

"तं मंग देल्ली काहून नाही?"

"पहिल्याच दिवशी योगेंद्र म्हणे, खोलीत काय मरून पडलं बे? सगळे हासले. म्हणून काल मागच्या खिडकीत नेऊन ठेवली, तं तिथं मांजर. पुन्हा बॅगेत आणली."

रत्नमालाबाईंनी पदर तोंडाला लावला. हसू दाबून त्यांनी बोचकं हातात घेतलं आणि आपल्या पिशवीत टाकलं.

"तुह्या आईले सांग, बाईनं सगळी एकटीनं खाल्ली. आन् बॅग मॅडमले दाखव. वास येईन, तं येऊ दे."

मॅडमनी बॅग पाहिली, वास घेतला, आणि परत केली. पण त्यानं प्रश्न सुटला नव्हता. घड्याळात नऊ वाजत आले होते.

बाई पेटीपाशी जाऊन बसल्या. त्यांनी झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. ज्या कपाटात पेटी असायची, त्याची किल्ली व्हरांड्यात खिळ्याला टांगलेली. ती कोणीही घेऊ शकत होतं. म्हणजे किल्लीतून काही निघणार नव्हतं. पण पेटी?

चोरानं आयपीस नेला असता तर पेटीसकट नेला असता. एवढी नाजूक वस्तू उघडी कोण नेतो? इथं तर पेटी मागं ठेवली, झाकण लावलं, चिठ्ठीसुद्धा समोर केली. म्हणजे पेटी रिकामी आहे हे कोणाला कळू नये, एवढीच नेणाऱ्याची इच्छा. रोज पेटी उघडते ती नऊ वाजता. आज मॅडम लवकर आल्या, नाहीतर नऊपर्यंत कोणाला पत्ता लागला नसता.

"नऊच्या आत परत ठेवायचा होता," बाई स्वतःशीच म्हणाल्या. "रात्रीपुरता नेला. पण एका रात्रीसाठी कोणी वस्तू नेते कायले?"

बावीस वर्षांत असं तीनदा झालं होतं. तिन्ही वेळा पोरांनी वस्तू नेली होती ती दुरुस्त करायला.

३

आयपीस चोरीला गेला नव्हता. तो मोडला होता. मग कधी मोडला?

बाईंनी कालचे कागद मागवले. काल आयपीस दोनदा वापरला गेला होता. बारा वाजता खोपीत धम्मदीप होता. दुपारी चार वाजता सराव म्हणून योगेंद्र. त्याच्या वेळी स्टॉपवॉच सरिताकडं. दोन्ही कागदांवर दहा-दहा आकडे. डागाला एका तारेपासून दुसऱ्या तारेपर्यंत जायला लागलेले सेकंद.

धम्मदीपचे आकडे असे: ६२.४, ६१.८, ६२.७, ६१.९, ६२.५... आकडे थोडे वर-खाली होत होते, आणि सरासरी बासष्ट पूर्णांक दोन.

योगेंद्रचे असे: ६२.२, ६२.२, ६२.३, ६२.२, ६२.२, ६२.२...

बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. मग त्या गालात हसल्या. फिजिक्सचं त्यांना फारसं कळत नव्हतं. पण लंबकाची असोत की भिंगाची, उत्तर आधी बघून मागून लिहिलेली रीडिंगं त्यांनी पोत्यांनी पाहिली होती. माणूस डोळ्यानं पाहून बोलतो तेव्हा चुकतो. कधी वारा येतो, कधी शिंक येते, कधी पापणी लवते. दहाच्या दहा वेळा न चुकणारा माणूस एकतर देव तरी असतो, नाहीतर लबाड.

योगेंद्रला त्यांनी व्हरांड्यात गाठलं.

"बेटा, तुहे आकडे मोठे सुंदर आहेत."

"थँक्यू मावशी."

"इतके सुंदर आकडे मी फक्त नापास पोरांच्या जर्नलात पाह्यले."

योगेंद्रचं हसू विझलं. त्यानं खांबाला नख लावलं.

"धम्मदीपची सरासरी फळ्यावर लिहिली होती. तूनं पहिल्या तारेले 'आला' म्हटलं, मग सरिताले दर वेळी विचारलं, किती झाले? आन् बासष्ट ऐकलं का पुन्हा 'आला' म्हटलं. बरोबर?"

"सरितानं सांगितलं?"

"आकड्यांनी सांगितलं. आता तू सांग, काहून केलं असं?"

मग तो एकदम म्हणाला, "मले दुसरी तार दिसूनच नाही राहिली होती, मावशी! एकच सावली दिसे. काल सकाळी सेवकराम मामांनी मले सगळ्यांसमोर म्हटलं होतं, तुले फोकस जमत नाही. मले वाटलं, माह्याच डोळ्याचा दोष. पुन्हा सगळे हासतीन. म्हणून..."

"म्हणून खोटं लिहिलं."

"हो."

"दुसऱ्याचं बोचकं बरं तुले दुरून दिसलं," बाई म्हणाल्या. पण त्यांनी पोराच्या खांद्यावर हात ठेवला, कारण त्यानं आत्ता जे सांगितलं होतं ते फार कामाचं होतं. चार वाजता खोपीत एकच तार होती. बारा वाजता दोन होत्या. दुसरी तार मधल्या साडेतीन-चार तासांत तुटली होती, आणि त्या वेळात पोरं जेवायला आणि मग मॅडमच्या वर्गात होती.

घुमटात दुसरं कोण जातं?

४

सरिता तांदूळ निवडत बसली होती. बाईही तिच्या शेजारी बसून निवडू लागल्या. एकोडीची, धानकऱ्याच्या घरची पोर. बसल्या जागी हाताला काम लागे तिला. तिचं तोंडही हातासारखंच चाले.

"मले काय माहीत मावशी, मी तं घड्याळाकडं पाहून राहिली होती. हा विचारे, किती झाले, मी सांगो. आन् संध्याकाळी तं मी सेवकराम मामासोबत बोलत बसली होती. चहा मीच ओतून देल्ला त्याईले."

"तू काहून? सेवकराम तं सगळ्यांले स्वतः ओतून देते."

"आजकाल सांडते त्याईच्या हातून. दोन दिवस झाले, मीच ओतून राहिली."

बाईंचे निवडणारे हात थांबले.

सेवकराम म्हणजे वेधशाळेचा सगळ्यात जुना माणूस. गोंदिया अजून भंडारा जिल्ह्यातच होतं तेव्हापासून तो या घुमटाची देखभाल करत होता. आयपीस रोज दुपारी तोच पुसे. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसे. त्याच्यावर संशय घ्यायचं कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

"काय बोलत होते मामा?"

"गावचंच. त्याईची बहीण दिली आमच्या एकोडीत, पंचफुला मावशी. ते कोशाचा धागा काढते, रेशमाचा. मामानं विचारलं, तिचं काम अजून चालू हाय का, नजर चांगली हाय का तिची. मी म्हटलं, मावशीले अंधारात कोसा दिसते. मंग विचारलं, एकोडीची पहिली बस इथं खाली किती वाजता पोचते. मी म्हटलं, साडेआठले."

"आन् मंग?"

"मंग काय, सायकल काढली आन् गेले. म्हणे, औषध आणाचं हाय. आठच्या आत आले वापस."

रत्नमालाबाई उठल्या. व्हरांड्यातून फाटक दिसत होतं. फाटकापाशी सेवकराम उभा होता आणि खालच्या रस्त्याकडं पाहत होता. सकाळपासून तो तिथं कितव्यांदा उभा होता, कोण जाणे. दहा वाजून गेले होते. खालच्या रस्त्यावर बस कुठंच नव्हती.

५

"भाऊ," बाई त्याच्याशेजारी जाऊन उभ्या राहिल्या, "बस नाही आली वाटते."

सेवकरामनं दचकून पाहिलं. मग त्यानं उजवा हात डाव्या हातात धरला. तरी तो थरथरतच होता.

"कोनती बस, बाई?"

"एकोडीची. जिच्यात पंचफुलाबाई बसली आहे आन् तिच्यापाशी आयपीस आहे."

तो खाली दगडावर बसला. एवढा उंच माणूस एकदम लहान दिसायला लागला.

"दोन महिन्यांपासून हात कापतो," तो म्हणाला. "कोनाले सांगतलो नाही. सांगतलो असतो तं म्हटले असते, आता घरी बसा. काल पुसता पुसता बोट लागला. तीस वरसात पहिल्यांदा. तार गेली. चारच्या सरावाले तसाच लावून देल्लो. कोळ्याची तार आता कुठं भेटते, बाई? मले वाटला, कोशाचा एक धागा, एकच, त्याच्यासारखा बारीक नाही, पन जमन. पंचफुला सकाळच्या उजेडात लावतो म्हनली, पहिल्या बसनं आनतो म्हनली. नऊच्या आत पेटीत ठेवून देल्लो असतो. कोनाले कळलाही नसता."

"ते ठीक आहे," बाई म्हणाल्या. "तार कोणाच्याही हातून तुटते. पण सकाळी त्या पोराले बॅग दाखव म्हटलं, तेव्हा तुम्ही तिथंच उभे होते ना?"

सेवकरामनं मान खाली घातली.

"होतो."

"तुमचा हात कापते म्हणून तुम्हाले लाज वाटली. आन् त्याले चोर म्हटलं, ते?"

खाली शेतात कोणीतरी बैलांना हाकारत होतं.

"मॅडमले मी सांगू का तुम्ही सांगता?" बाईंनी विचारलं.

सेवकराम उठला. "मीच सांगतो," तो म्हणाला. "सगळ्याईले बोलवा."

त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, काही न लपवता. शेवटी धम्मदीपपाशी गेला आणि हात जोडले. "बाबू, मी बोलाले पाह्यजे होतो. नाही बोललो. माफ कर."

धम्मदीप गोंधळला. त्यानं सेवकरामचे जोडलेले हात आपल्या हातांनी धरले आणि खाली केले. "असं नका करू मामा," एवढंच म्हणाला. योगेंद्रनं तेवढ्यात पुढं येऊन कालच्या कागदाची गोष्टही सांगून टाकली. त्याला एकट्याला उजळ राहणं बहुधा जमलं नाही.

मॅडमनी सगळं ऐकलं. घड्याळ पाहिलं. अकरा वाजून दहा.

"पंचफुलाबाईंचा फोन?"

"लागून नाही राह्यला," सेवकराम म्हणाला.

"जीपची किल्ली द्या," मॅडम म्हणाल्या. "रत्नमालाबाई, चला."

६

टेकडी उतरून तीन किलोमीटरवर बस सापडली. एका कुशीवर कललेली, मागचं चाक बसलेलं. ड्रायव्हर बाभळीखाली पेपर वाचत होता. बसमध्ये पंचफुला नव्हती.

"कोसावाली बाई?" कंडक्टर म्हणाला. "ते तं दहापर्यंत वाट पाहून गेली. म्हणे, तुमचा चाक बसला, माह्ये पाय नाही बसले. जंगलातून पायवाटेनं गेली टेकडीवर."

मॅडमनी जीप अशी वळवली की रत्नमालाबाईंनी डोळे मिटून घेतले. एकट्या बाईला पायवाट सापडेल का, सापडली तरी वेळेत पोचेल का, पडली-बिडली तर आयपीसचं काय, असे सगळे प्रश्न वरपर्यंत सोबत आले. फाटक आलं तेव्हा पावणेबारा झाले होते.

फाटकाच्या पायरीवर एक ठेंगणी म्हातारी बसली होती. मांडीवर पितळी डबा. सगळी पोरं तिच्याभोवती उभी, आणि ती सेवकरामवर बरसत होती.

"दादा, तू मले म्हनला सरकारी काम हाय, घाई हाय. इथं पोराच्या अंगावर आळ आला तरी तू तोंड नाही उघडला! आपल्या मायनं तुले हेच शिकवलन का?"

"पंचफुलाबाई," मॅडम जीपमधून उतरता उतरता म्हणाल्या, "आयपीस?"

तिनं डब्याचं झाकण काढलं. डबा तांदळानं भरला होता. मधोमध सुती कपड्यात गुंडाळलेला आयपीस, तान्ह्या पोरासारखा.

"तांदळात ठेवला तं हालत नाही," ती म्हणाली.

मॅडमनी तो उजेडाकडं धरला. कोळ्याच्या जुन्या तारेशेजारी कोशाचा धागा ताणून बसवलेला, दोन्ही टोकांना लाखेचे मोहरीएवढे ठिपके. त्या खूप वेळ पाहत राहिल्या.

"जाड आहे," मॅडम म्हणाल्या. मग हसल्या, आणि साकोलीची लेक त्यांच्या तोंडून बोलली. "पण सरळ आहे बाप्पा, एकदम सरळ! चला, चला, सात मिनिटं उरली!"

घुमटात एकच धावपळ उडाली. आयपीस बसवायला सेवकरामचा हात सवयीनं पुढं आला आणि मध्येच थांबला.

"तुम्ही सांगा," मॅडम म्हणाल्या. "हात पोरांचे लावू. आजपासून पुसणंही तसंच. शिकवायचं तुम्ही. आणि साकोलीच्या डॉक्टरांकडं मी स्वतः घेऊन जाते तुम्हाला, उद्याच."

सेवकराम एकेक गोष्ट सांगत गेला, धम्मदीप तसं तसं करत गेला. बाराला एक मिनिट कमी असताना त्यानं काळ्या कापडात डोकं घातलं. सरितानं स्टॉपवॉच घेतलं. रजिस्टर योगेंद्रच्या पुढ्यात होतं.

"आला!" आतून आवाज आला. आणि मिनिटभरानं, "आला!"

"बासष्ट पॉइंट सहा," सरिता म्हणाली. पुढचा एकसष्ट पॉइंट नऊ. योगेंद्र एकेक आकडा निमूटपणे लिहीत गेला. चौथ्या खेपेला आतून धम्मदीप म्हणाला, "गेला, पापणी लवली," तर त्यानं तेही लिहिलं.

नऊ झाले. धम्मदीप बाहेर आला आणि दाराशी उभ्या पंचफुलाकडं पाहून म्हणाला, "मावशी, शेवटचं तुम्ही घ्या."

"मले काय येते त्याच्यातलं?"

"काळा ठिपका सरकत येते. तारेले टेकला का सांगा, बस."

तिनं मॅडमकडं पाहिलं. मॅडमनी मान हलवली. पंचफुलानं पदर खोचला आणि काळ्या कापडात शिरली. बाहेर नुसते तिचे धुळीनं माखलेले पाय दिसत होते.

"अवो माय," आतून आवाज आला. "हा सूर्यदेव हाय? एवढासा, थाळीएवढा?"

"ठिपका पाहा, मावशी!"

"पाहून राहिली ना! आला... पह्यलीवर आला!"

सरितानं बटण दाबलं. घुमटात कोणी हललं नाही. मिनिट असं किती मोठं असतं, हे रत्नमालाबाईंना त्या दिवशी कळलं.

"येऊन राहिला... येऊन राहिला... थांब रे... आला! माह्या धाग्यावर आला!"

"बासष्ट पॉइंट तीन!" सरिता ओरडली.

योगेंद्रनं आकडा लिहिला. शेजारी निरीक्षकाच्या नावाचा रकाना होता. तो पेन धरून थांबला.

"मावशी, पूर्ण नाव सांगा."

"थांब ना बाबू," काळ्या कापडातून उत्तर आलं. "अजून जाऊनच राहिला हाय थो."